दुरुस्त न झालेले घड्याळ

कोट्यवधींच्या संख्येने बनलेली वस्तू दुर्मीळ कशी असेल? एचएमटीच्या चावीच्या घड्याळांचा नाद लागलेल्या माणसाला हा प्रश्न फार लवकर गाठतो. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीशी सहकार्य करून बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला तो १९६१ साली. पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढची पंचवीस वर्षे दहावी पास झालेल्या मुलाला, बोहल्यावरच्या जावयाला आणि निवृत्त होणाऱ्या हेडक्लार्कला काय द्यायचे, याचे उत्तर घरोघरी ठरलेले असे. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावे माहीत नाहीत असे मराठी घर त्या काळात क्वचितच असेल. आजही पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात, तर चादरीवर त्यांचे ढीग पडलेले दिसतील.

त्या ढिगातून एक ‘जनता’ उचला. तबकडी, काटे, चावी, मागचे झाकण आणि आतले मशीन हे सगळे जन्मापासून एकमेकांच्या सोबत असलेले घड्याळ त्या ढिगात सापडेलच असे नाही. पुढच्या ढिगातही सापडेलच असे नाही. एकाची तबकडी रंगवलेली, दुसऱ्याचे काटे पायलटचे, तिसऱ्यावरचा क्रोमचा मुलामा उडून पितळ उघडे पडले म्हणून त्यावर पुन्हा मुलामा चढवलेला, चौथ्यात भलत्याच मॉडेलचे मशीन. हे कुणी लबाडीने केले असे समजू नका. ती घड्याळे वापरली गेली होती, एवढेच. घामाने, पावसाने, गिरणीतल्या धुळीने ती थांबली की मालक घड्याळजीकडे जाई आणि घड्याळजी ती चालू करून देई. मालकाला वेळ हवी होती, तबकडीचा इतिहास नको होता. संग्राहक मात्र पन्नास वर्षांनी येतो आणि ज्याला कुणी हातच लावलेला नाही असे घड्याळ मागतो. वापरणाऱ्याची गरज आणि जमवणाऱ्याची हौस यांच्या या ओढाताणीत जुन्या घड्याळाची किंमत ठरते. पुढच्या पानांत मॉडेले, मशीने आणि सालांची माहिती भरपूर आहे. पण ती सगळी या एका गोष्टीभोवती लावलेली आहे.

परदेशातल्या संग्राहकांच्या बोलण्यात ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग येतो आणि तो कौतुकाने येत नाही. जुन्या स्विस घड्याळाचे सांगाडे, वर गुळगुळीत पॉलिश, नव्याने रंगवलेली भडक तबकडी, त्यावर किंचित वाकडे उमटलेले कंपनीचे नाव. असा माल मुंबईतून जगभर स्वस्तात विकला जातो, म्हणून हे नाव पडले. नवशिक्याने त्यापासून सावध राहावे हे खरेच. तरीही त्या नावात जी तुच्छता आहे ती मला मान्य नाही. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने होती, चोरटा माल येत होता तो वेगळा. सुटे भाग मिळवणे त्याहून अवघड होते. ओमेगाची मूळ तबकडी मागवून बसवणे डोंबिवलीच्या किंवा सोलापूरच्या घड्याळजीला शक्यच नव्हते. त्याने बंद पडलेल्या घड्याळांतून भाग काढले, जुळत नव्हते ते कानशीने जुळवले आणि काळी पडलेली तबकडी रंगाऱ्याकडे पाठवली. भांड्याला वेळच्या वेळी कल्हई लावून घ्यायची, तसेच तबकडी रंगवून घेणे हे वस्तू नीट सांभाळल्याचे लक्षण समजले जाई. जुन्या हातांची अशी काही कामे इतकी सुरेख आहेत की ती तशीच जपावीत असे मला वाटते. मूळ म्हणून नव्हे, त्या कारागिरीसाठी.

लबाडी सुरू होते ती रंगवलेले काम ‘ओरिजिनल’ म्हणून विकले जाते तेव्हा. केशरी आणि पोपटी तबकड्यांची एचएमटी, कारखान्यातून कधीच न निघालेल्या रंगांची ‘पायलट’, साध्या घड्याळावर उमटवलेला ब्रिटिश लष्कराचा बाण असा माल आज ऑनलाइन बाजारात भरलेला आहे. त्याला घेणारेही आहेत. आपण काय घेतो आहोत हे ठाऊक असेल आणि दाम त्याच मापाचे असेल, तर त्यात कुणाचे काही बिघडत नाही.

आता दुर्मीळ म्हणजे काय, याकडे वळू. कमी बनले ते दुर्मीळ, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा अर्थ. १९५० च्या सुमाराची बायकांची स्विस घड्याळे पाहा. नखाएवढ्या जागेत मावणारे मशीन बनवणे हे पुरुषी घड्याळापेक्षा कितीतरी नाजूक काम होते. ती चटकन बिघडत आणि चांगल्या स्थितीत उरलीही कमी. तरी त्यांना भाव नाही, कारण आज ती मनगटावर घालायला कुणी फारसे तयार नाही. सोन्याची केस असेल तर सोन्याच्या वजनाचे पैसे येतात, आणि सोने चढले की अशा केसी आटवल्या जातात. म्हणजे ती आणखी दुर्मीळ होतात, भाव मात्र तिथेच.

उलट रोलेक्सच्या डेटोनाची गोष्ट. हे मोटार शर्यतीच्या शौकिनांसाठीचे घड्याळ १९६३ मध्ये आले. पुढे त्यातल्या काहींना वेगळ्या धाटणीची तबकडी बसवली गेली. आतल्या छोट्या चकत्यांवरच्या खुणांच्या टोकांना इवलेसे चौकोन होते. गिऱ्हाइकांना ती आवडली नाही आणि अशी घड्याळे दुकानांत पडून राहत. अभिनेता पॉल न्यूमन याला त्याच्या पत्नीने, अभिनेत्री जोअन वुडवर्डने, असेच एक घड्याळ घेऊन दिले आणि मागच्या झाकणावर ‘ड्राइव्ह केअरफुली मी’ असे कोरून घेतले. १९८४ मध्ये न्यूमनने ते आपल्या मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकले. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये फिलिप्सच्या लिलावात त्याला १,७७,५२,५०० डॉलर आले. त्या काळी ही तबकडी कुणाला नको होती, म्हणून ती कमी बनली. कमी बनली म्हणून पुढे हवीशी झाली. आणि ज्याच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली त्याच्याच हातातले घड्याळ समोर आले. यातले पहिले कारण नसते तर दुसरे संभवले नसते. लोकांनी नाकारलेला माल पुढच्या पिढीचा दुर्मीळ माल ठरतो, हे घड्याळांत इतक्यांदा घडले आहे की जुन्या जाहिराती वाचताना मी आता खपलेल्या मॉडेलांपेक्षा न खपलेल्यांकडेच आधी पाहतो.

पटेक फिलिपचे १५१८ या क्रमांकाचे मॉडेल आणखी एक उलटापालट दाखवते. तारीख, वार, महिना, चंद्रकला आणि स्टॉपवॉच अशी सगळी कामे एकत्र करणारे हे मनगटी घड्याळ १९४१ मध्ये आले. एकूण २८१ बनली आणि जवळपास सगळी सोन्यात. स्टीलमधली फक्त ४ माहीत आहेत. त्यातले एक नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हाला १ कोटी १० लाख स्विस फ्रँकवर गेले. सोन्याच्या भावंडांपेक्षा स्टीलचे घड्याळ कैक पटींनी महाग, हे आपल्याकडच्या सराफाला पटवून देणे मला अजून जमलेले नाही.

दुर्मीळपणा कधीकधी जमवणाऱ्यांच्या सवयीतूनही जन्मतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या संरक्षण खात्याने सैनिकांसाठी एकाच नमुन्याची काळ्या तबकडीची घड्याळे स्वित्झर्लंडमधल्या बारा कंपन्यांकडून बनवून घेतली. ती १९४५ मध्ये पोचली. संग्राहकांनी त्यांना ‘डर्टी डझन’ म्हटले. बाराही जमवायचा छंद रुजला आणि त्यातल्या ‘ग्राना’ कंपनीचे घड्याळ सर्वांत कमी बनले असल्याने त्याचा भाव बाकीच्यांच्या फार वर गेला. ग्रानाचे मशीन काही जगावेगळे नाही. पण अकरा जमल्यावर बाराव्यासाठी माणूस काय वाटेल ते मोजतो. एचएमटीच्या मॉडेलांच्या याद्या करून एकेकावर खूण करत जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनाही हा रोग लागलेला आहेच.

आता हातात घड्याळ घेऊन ते वाचायचे कसे? किंमतीचा मोठा हिस्सा तबकडीत असतो, म्हणून सुरुवात तिथून. दहा पटींचे भिंग घ्या. मूळ तबकडीवरची अक्षरे ठशाने उमटवलेली असतात. त्यांच्या कडा स्वच्छ, जाडी एकसारखी, शाई किंचित उठावदार. रंगाऱ्याच्या हातचे अक्षर भिंगाखाली पसरट दिसते. मिनिटांच्या रेघा मोजा, त्या आकड्यांच्या नेमक्या खाली येतात का पाहा. तळाशी सहाच्या आकड्याखाली देशाचे नाव असायला हवे तिथे ते नसेल, किंवा अर्धे केसच्या काठाखाली गेले असेल, तर शंका घ्या. मग तबकडीवरचे डाग. समुद्राच्या हवेत राहिलेल्या घड्याळाच्या तबकडीवर काठाकडून आत सरकणारे बारीक ठिपके येतात. पन्नास वर्षे कोकणात किंवा मुंबईत काढलेल्या घड्याळाची तबकडी चक्क आरशासारखी असेल, तर ती एकतर कपाटात बंद होती किंवा रंगवली गेली. हे दुसरेच बहुधा खरे असते.

मग अंधारात चमकणारा लेप. इथे भौतिकशास्त्र फार उपयोगी पडते. १९६० च्या दशकापर्यंत आकड्यांवर आणि काट्यांवर रेडियमचा लेप लावत. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे, म्हणजे १९४० सालच्या तबकडीवरचे रेडियम आजही जवळपास जसेच्या तसे आहे. तरी ती चमकत नाही, कारण रेडियमचा मारा खाऊन त्यासोबत मिसळलेले झिंक सल्फाइड कधीच निकामी झालेले असते. चमक गेली म्हणून धोका गेला असे मात्र नाही. असा लेप नखाने खरवडू नये, आणि घड्याळ घरच्या टेबलावर उघडून त्याची धूळ हुंगण्याचा उद्योग तर मुळीच नको. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी हा लेप लावणाऱ्या मुली कुंचल्याला टोक काढण्यासाठी तो ओठांत धरत. त्यातल्या कित्येक हाडे सडून मेल्या. रेडियमनंतर ट्रिटियम आले. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ छापलेला दिसला की ट्रिटियम समजावे. त्याचे अर्धायुष्य बारा वर्षांच्या थोडे वर, म्हणून १९७० च्या घड्याळात आज त्याचा पाच टक्क्यांहून कमी अंश उरला असेल. अशा ‘टी’ असलेल्या तबकडीवरचे आकडे विजेरीचा झोत दाखवल्यावर हिरवेगार होऊन तासभर तसेच राहिले, तर तो लेप कुणीतरी अलीकडे लावला आहे. तबकडीवरचा लेप पिवळट-तपकिरी आणि काट्यांवरचा पांढरा असेल, तर काटे नंतर आले. मला वाटते, या एका परीक्षेने जितका फसवा माल उघडा पडतो तितका दुसऱ्या कशानेही पडत नाही.

केसकडे पाहताना पट्टा ज्यांत अडकतो त्या चार लगांच्या कडा बघाव्यात. कारखान्यातून आल्या तेव्हा त्या धारदार होत्या. प्रत्येक पॉलिशबरोबर धातू झिजतो आणि कडा गोल होतात. झिजलेला धातू परत येत नाही. ओरखडे असलेली, पण कडा शाबूत असलेली केस चकचकीत केसपेक्षा नेहमी सरस धरावी. मशीनबद्दल इथे फार लिहीत नाही. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. इतकेच सांगतो की मशीनवरचा क्रमांक, केसवरचा क्रमांक आणि तबकडीची धाटणी ही तिन्ही एकाच काळाची आहेत की नाहीत, हे पाहायला घड्याळजी असावे लागत नाही.

काही कंपन्या जुन्या नोंदवह्या राखून आहेत. लाँजीनने एकोणिसाव्या शतकापासूनच्या नोंदी जपल्या आहेत आणि क्रमांक कळवला तर ते घड्याळ कोणत्या साली, कोणाकडे पाठवले गेले हे बऱ्याचदा कळू शकते. पटेक फिलिपही असा उतारा देते; रोलेक्स देत नाही. पण कागदावर किती विसंबावे याचा धडा खुद्द ओमेगाने घेतला. १९५७ मध्ये आलेल्या स्पीडमास्टरचे अगदी पहिल्या घडणीचे, उन्हाने तबकडी तपकिरी झालेले एक घड्याळ नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकला गेले. ते घेतले ओमेगानेच, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेले होते आणि या प्रकरणात तिचेच माजी कर्मचारी गुंतलेले होते. ज्या कंपनीने घड्याळ बनवले, तिच्याच तज्ज्ञांच्या नजरेखाली हे घडले. जुन्या बाजारातला चादरीवरचा विक्रेता निदान घड्याळ उघडून दाखवतो.

तपकिरी पडलेल्या तबकड्यांना ‘ट्रॉपिकल’ म्हणून जादा मोल देणाऱ्या पंथात मी नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो. काळ्या रंगातला दोष उन्हात उघडा पडला की त्याला सौंदर्य म्हणायचे, आणि आपल्याकडच्या दमट हवेने आलेल्या बुरशीच्या ठिपक्यांना मात्र कचरा म्हणायचे, हा न्याय कुठला?

भारतीय संग्राहकाने कुठे पाहावे, याबद्दल माझी मते पक्की आहेत. लिलावांतल्या मोठ्या नावांच्या मागे लागण्यात आपल्यासाठी अर्थ नाही. ते पैशाचे खेळ आहेत आणि तिथे आपण नेहमी उशिरा पोचतो. पण स्विस घड्याळांच्या इतिहासाचा एक तुकडा इथेच, या मातीत घडला. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिचा माल स्वित्झर्लंडमध्ये बने, पण इथल्या उन्हाधुळीसाठी आणि इथल्या रेल्वे, लष्कर, पोस्टातल्या लोकांसाठी. कित्येकांच्या तबकडीवर मुंबई आणि कलकत्ता ही नावे छापलेली असत. फाव्र-ल्यूबा ही आपला वारसा १७३७ पासून सांगणारी कंपनी एकोणिसाव्या शतकातच मुंबईत आली आणि १९६० च्या दशकात तिची सी चीफ, सी किंग ही घड्याळे वकील-डॉक्टरांच्या मनगटावर सर्रास दिसत. २०११ मध्ये तिचे नाव टाटांच्या टायटनने विकत घेतले, हाही एक वेगळाच फेरा. जेगर-लकूल्त्रचे रिव्हर्सो १९३१ मध्ये घडले तेच मुळी भारतातल्या पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या काचा फुटत म्हणून. त्याचा चेहरा उलटून पोटात फिरवता येतो. रिव्हर्सो आवाक्याबाहेर आहे, पण वेस्ट एंड आणि फाव्र-ल्यूबाची चांगली घड्याळे महाराष्ट्रातल्या घराघरांतून अजून निघतात. जगाच्या बाजारात त्यांना मोठा भाव नाही, म्हणून त्यांची नक्कलही थोडी होते. शिकण्यासाठी याहून चांगले क्षेत्र नाही.

आणि एचएमटी. क्वार्ट्झच्या लाटेत, टायटनपुढे, ती हळूहळू मागे पडली. २०१४ च्या सुमारास कारखाना बंद होणार या बातम्या आल्या तशी माणसे दुकानांवर तुटून पडली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळ कंपनी बंद करण्याला मान्यता दिली. त्या दोन वर्षांत भाव जे चढले त्यात आठवणींचा वाटा मोठा होता. त्यानंतरही एचएमटीच्या नावाने घड्याळे विकली जातच आहेत, त्यामुळे ‘बंद पडलेल्या कंपनीचे घड्याळ’ एवढ्यावर कुणी दाम वाढवून सांगितले तर हसून पुढे जावे. ज्याला खरोखर मोल आहे ते वेगळे: देवनागरीत नाव छापलेली मूळ तबकडी, काच उघडून बोटाने वेळ चाचपता येणारे अंधांसाठीचे घड्याळ, एखाद्या कारखान्याने पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल झाकणावर नाव कोरून दिलेले, आणि पेटीतून कधी बाहेरच न आलेले. यातले कोरीव नाव परदेशी संग्राहक सहसा दोष मानतात. मी मानत नाही.

या पुस्तकात भावांचा तक्ता दिलेला नाही आणि अनेकांची त्यामुळे निराशा होईल. एकाच मॉडेलच्या, एकाच सालच्या दोन घड्याळांत निव्वळ तबकडीमुळे दहा पटींचा फरक पडतो. तक्ता तो दाखवू शकत नाही, आणि छापून येईपर्यंत शिळा होतो तो वेगळाच. भाव कळण्यासाठी झालेल्या सौद्यांच्या रकमा पाहाव्यात, मागितलेल्या रकमा नव्हेत. विकणाऱ्याने लिहिलेली किंमत ही त्याची इच्छा असते.

पुस्तक हाती घेणाऱ्यांत बरेच जण संग्राहक नसतील, आजोबांच्या कपाटातून निघालेले एक घड्याळ घेऊन ते आलेले असतील, हे मी धरून चाललो आहे. त्यांच्यासाठी चार कामे आत्ताच सांगतो, प्रकरणे सावकाश वाचावीत. घड्याळाला लगेच चावी देऊ नका. तेल वाळलेले असेल तर चाके एकमेकांना खातात. पॉलिश नको, रंगरंगोटी नको, पट्टा जुना असला तरी टाकू नका. ते कुणी, कुठल्या दुकानातून, कशाच्या निमित्ताने घेतले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा, आणि पावती किंवा डबी सापडली तर ती घड्याळाइतकीच जपा. मग साफसफाईला न्याल तेव्हा घड्याळजीला आधीच सांगा, की जो भाग बदलाल तो मला परत हवा. फुटकी काच, गंजलेली चावी, तुटलेला काटा, सगळे कागदाच्या पुडीत बांधून मागून घ्या. तो हसेल, पण देईल.